एका रेकॉर्डमागची दुसरी

आवडत्या कलाकाराला घडवणारं संगीत कसं शोधावं आणि कसं ऐकावं, याबद्दल आलेले हे काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न: भीमसेन जोशींचं गाणं मी वर्षानुवर्षं ऐकते. लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी ऐकून ते भारावले आणि पुढे गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, असं वाचलं म्हणून ती रेकॉर्ड मोठ्या उत्सुकतेनं लावली. आवाज बारीक, खरखर फार, आणि रंग भरायच्या आत गाणं संपलं. माझा कान कमी पडतोय का?

कान कमी पडत नाही. दोन वेगळ्या मापांच्या गोष्टी शेजारी ठेवल्या गेल्यात, एवढंच. दहा इंची 78च्या (मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या) तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावत. मुखडा, विस्तार, ताना, सगळं गायकाला तेवढ्यात बसवावं लागे. तासभर चालणाऱ्या ख्यालाशी त्याची तुलना करून काही हाती लागणार नाही.

‘पिया बिन नहीं आवत चैन’ ही तीच ठुमरी भीमसेनजीही गायले आहेत. आधी त्यांचं गाणं लावा आणि फक्त मुखडा तीनदा ऐका. मग खाँसाहेबांचा तेवढाच तुकडा तीनदा. ‘पिया’वर आवाज कुठे टेकतो, ‘चैन’ कसा सोडला जातो, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाट किती भरलेली असते, याखेरीज कशाकडेही लक्ष देऊ नका. तो स्वराचा लगाव म्हणजे दोघांच्या किराणा घराण्याचा खरा वारसा. भीमसेनजींच्या जोरकस, दमदार ताना मात्र इथे शोधायला जाल तर पुन्हा निराश व्हाल. शिवाय दोघांच्या मधली कडी सोडू नका: सवाई गंधर्व हे खाँसाहेबांचे शिष्य आणि भीमसेनजींचे गुरू. त्यांच्या रेकॉर्डही छोट्याच आहेत, पण ‘इथून तिथे कसं आलं’ हे त्या ऐकल्यावर बरंच उलगडतं.

आता खरखर. 1925 पूर्वी रेकॉर्डिंगला मायक्रोफोन नसे. गायक कर्ण्यात तोंड घालून गायचा आणि त्या आवाजाच्या धक्क्यानं सुई हलायची. त्यात खर्जही हरवायचा आणि वरची बारीक झळाळीही. खाँसाहेबांच्या 1905च्या सुमाराच्या रेकॉर्ड या पद्धतीच्या आहेत, 1930च्या दशकातल्या मायक्रोफोनवरच्या. सुरुवात नंतरच्यांपासून करा. ‘आवाज साफ केलेली’ प्रत शक्यतो टाळा: खरखर आणि ‘स’, ‘च’सारख्या व्यंजनांची धार बऱ्याच अंशी एकाच पट्टीत असते, त्यामुळे एक पुसताना दुसरं बोथट होतं आणि आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. खरखरीची प्रत मध्यम आवाजात हेडफोनवर लावा. पाच-सात मिनिटांत कान तिला बाजूला सारतो. फोनच्या छोट्या स्पीकरवर तंबोऱ्याचा खर्ज पोचतच नाही आणि गळा अधांतरी वाटतो.

आवाज नको इतका बारीक वाटत असेल तर गतीही तपासा. जुन्या सगळ्याच तबकड्या नेमक्या 78 फेऱ्यांच्या नव्हत्या आणि उतरवून घेणाऱ्यांनीही गती नेहमी पाहिलेली नसते. 78ची तबकडी 80वर फिरवली तर स्वर जवळजवळ पाव स्वरानं, म्हणजे अर्ध्या सेमीटोनला थोडा कमी, चढतो आणि तीन मिनिटांचं गाणं साडेचार सेकंद आधी संपतं. एकाच बाजूच्या दोन प्रतींच्या लांबीत असा फरक दिसला तर दोन्ही ऐका. ज्या प्रतीत गळा धावल्यासारखा वाटत नाही, ती ठेवा.

प्रश्न: माझ्या आवडत्या बँडनं मुलाखतींमधून तीसेक नावं घेतली आहेत. सगळ्यांची प्लेलिस्ट केली, दोन आठवडे ऐकली, आता एकही नाव आठवत नाही. निवड कशी करायची?

तीस नावं म्हणजे हजेरीपट. मुलाखतीत घेतलेल्या नावापेक्षा कलाकारानं स्वतः वाजवलेलं दुसऱ्याचं गाणं कितीतरी वजनाचं असतं, कारण ते बसवताना त्यानं ते आतून उघडून पाहिलेलं असतं. तिथून सुरू करा. निर्वाणा या बँडच्या 1993च्या अनप्लग्ड कार्यक्रमातल्या चौदा गाण्यांपैकी सहा दुसऱ्यांची आहेत: तीन मीट पपेट्सची, एक डेव्हिड बोवीचं, एक व्हॅसलिन्सकडून घेतलेलं, आणि शेवटचं लेड बेलीच्या गायकीतून आलेलं जुनं लोकगीत. एवढ्या एका कार्यक्रमात चार दारं उघडतात आणि चारही वेगळ्या दिशांना जातात. बीटल्सच्या 1963च्या पहिल्या अल्बममध्येही चौदांपैकी सहा गाणी दुसऱ्यांची होती. शिरेल्स, आर्थर अलेक्झांडर, आयझ्ली ब्रदर्स ही नावं त्यातूनच हाती लागतात.

तीसातून तीन नावं उरवा. दुसऱ्याचं गाणं वाजवलं असेल तो पहिला. ज्याच्याबद्दल ‘आवडतो’ एवढंच न म्हणता नेमकं काय आवडतं ते सांगितलं असेल (‘त्याचा ड्रमर मागे रेलून वाजवतो’ असं काहीतरी) तो दुसरा. तिसरा असा निवडा, ज्याचं नाव वाचून तुम्हालाच नवल वाटलं. प्रत्येकाचा एकच अल्बम घ्या आणि तीन वेळा ऐका: एकदा दुसरं काहीही न करता सलग, एकदा आवडत्या बँडचं एक गाणं आणि याचं एक, असं आलटून पालटून, आणि दोन-तीन दिवस मध्ये जाऊ देऊन पुन्हा सलग. प्रत्येक वेळी वहीत एकच ओळ, तीही कानानं टिपलेल्या गोष्टीची. ‘छान’ लिहून उपयोग नाही. ‘बास गिटार गाण्याच्या सुरावटीच्या उलट चालते’ असं लिहा. तिसऱ्या वेळीही लिहायला काही सापडलं नाही तर तो अल्बम मिटवा आणि पुढे चला.

प्रश्न: जॅझमधल्या माईल्स डेव्हिसवर अहमद जमालचा प्रभाव होता म्हणतात. एक ट्रम्पेटवाला, दुसरा पियानोवाला. मला तर काहीच सारखं ऐकू येत नाही.

सारखेपणा शोधणं सोडून द्या, प्रभाव ऐकू यायला लागेल. माईल्सनं जमालकडून घेतली ती मोकळी जागा. कुठे वाजवायचं नाही आणि किती वेळ थांबायचं, हे. त्याची चाचणी अशी करा: जमालच्या त्रिकुटाचं ‘न्यू रुंबा’ लावा आणि पियानो थांबतो ती ठिकाणं बोटांवर मोजा. नंतर माईल्सच्या 1957च्या ‘माईल्स अहेड’मधलं तेच ‘न्यू रुंबा’ ऐका. गिल एव्हान्सनं ते मोठ्या वाद्यवृंदासाठी बांधलं आहे. पियानोचे तुकडे तिथे फुंकवाद्यांवर वाटून दिलेत, तरी थांबण्याच्या जागा ओळखीच्या लागतात. वाद्य बदललं, स्वभाव राहिला.

आपल्याकडे अमीर खाँसाहेबांबद्दल हेच. त्यांच्या झुमरा तालातल्या अतिविलंबित लयीमागे किराण्याचेच अब्दुल वहीद खाँ उभे आहेत, पण गळा, ताना, सरगम त्यांचं स्वतःचं. दोघांचा दरबारी राग शेजारी ठेवून एकाच गोष्टीकडे कान द्या: एका स्वरावर वस्ती किती वेळ आहे.

प्रश्न: गुरू, गुरूचे गुरू, असं मागे मागे गेलं की फिरून त्याच घराण्यात अडकायला होतं.

एक पायरी मागे गेलात की दोन पावलं आडवी टाका. गुरू सापडला की त्याचे बाकीचे शिष्य ऐका. सवाई गंधर्वांकडून गंगूबाई हनगल आणि फिरोझ दस्तूर. अब्दुल करीम खाँसाहेबांकडून रोशन आरा बेगम. एकाच शिकवणीतून किती निराळे गळे निघाले हे कळलं की घराणं भिंतीसारखं वाटत नाही. दुसरं म्हणजे, कलाकार घराण्याबाहेर कोणाला ऐकत होता ते पाहा. भीमसेनजींना केसरबाई केरकरांचं आणि अमीर खाँसाहेबांचं गाणं मोलाचं वाटे.

अशी आडवी वाट फार लांब नेते. अब्दुल वहीद खाँसाहेबांचे शिष्य पंडित प्राणनाथ 1970 साली अमेरिकेत गेले. तिथे ला मॉन्ट यंग आणि टेरी रायली हे अमेरिकी संगीतकार त्यांच्याकडे शिकले. आणि द हू या बँडच्या 1971च्या ‘बाबा ओ’रायली’ या गाण्याच्या नावातला ‘रायली’ म्हणजे हाच टेरी रायली, ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबा. झिंझोटीच्या रेकॉर्डपासून इथवर पोचायला पाच-सहा पावलं पुरतात! त्या गाण्याच्या सुरुवातीचा फिरत राहणारा कीबोर्ड ऐका आणि मग रायलीचं 1969चं ‘अ रेनबो इन कर्व्हड एअर’ लावा.

प्रश्न: ॲप ‘यासारखे कलाकार’ दाखवतं. मग हा खटाटोप कशाला?

ॲप मुख्यतः तेच श्रोते आणखी काय ऐकतात ते पाहतं. त्यामुळे समकालीन आणि शेजारचं मिळतं, मूळ क्वचितच. ॲपमधली श्रेयनामावली मात्र जरूर उघडा: मूळ गीतकार-संगीतकार कोण, साथीला कोण, निर्माता कोण. अनोळखी नाव दोन आवडत्या गाण्यांत आलं की ते शोधा.

प्रश्न: जुन्या गायकांची गाणी चुकीच्या नावानं फिरतात. खात्री कशी करायची?

आधी लांबी पाहा. ‘78ची रेकॉर्ड’ म्हणून नऊ मिनिटांचं गाणं असेल तर बाजू जोडल्यात, नाहीतर ते रेडिओचं किंवा मैफलीचं आहे. मग शेवटचे काही सेकंद ऐका. 1902 साली गौहर जान रेकॉर्डच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात आणि तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळायला हवं होतं. सुरुवातीच्या बऱ्याच गायकांनी ही रीत उचलली. लेबलचा फोटो असेल तर त्यावरचा क्रमांक आणि राग टिपून घ्या, आणि त्याच गायकाच्या खात्रीच्या रेकॉर्डशी उच्चार व सम (तालाची पहिली मात्रा) गाठण्याची पद्धत ताडून पाहा. नुसत्या आवाजाच्या जातीवर विसंबू नका. गती चुकली की आवाजाची जातच आधी फसवते.