मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आणि आईची भजने

प्रश्न : माझी आई ६८ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली होती. परंतु आत नेण्यापूर्वीच भीतीने तिचा रक्तदाब इतका वाढला, की शस्त्रक्रिया पुढे ढकलावी लागली. घरी ती सतत भजने ऐकते. रुग्णालयात ती लावल्यास उपयोग होईल का? रक्तदाबासाठी कोणते राग ऐकावेत याची एक यादी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आहे, ती वापरावी का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : उपयोग होण्याची शक्यता चांगली आहे. शस्त्रक्रियेपूर्वीच्या भीतीवरील २६ चाचण्यांचा, म्हणजे दोन हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात संगीत ऐकणाऱ्यांची भीती इतरांपेक्षा कमी आढळली. रक्तदाबावरील परिणाम मात्र तितका भरवशाचा नाही. त्यामुळे आई रक्तदाबाच्या गोळ्या घेत असतील, तर त्या चालूच ठेवाव्यात आणि त्या दिवशी सकाळची गोळी केव्हा घ्यायची, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्यावे.

गायक अल्लादियाखाँसाहेबांच्या आणि देवल क्लब या संगीतसंस्थेच्या या गावात रागसंगीताला उणे लेखण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु अमुक राग म्हणजे अमुक विकारावरचे औषध, असे सांगणाऱ्या याद्यांना ठोस आधार नाही. आईंना जे ओळखीचे आणि आवडीचे आहे, तेच लावावे.

खरी भीती साठते ती बाहेरच्या बाकावर. बाहुली मोठी करण्यासाठी थोड्या थोड्या वेळाने थेंब घातले जातात, डोळे मिटून बसावे लागते, आणि कानांवर येतात ती एकेकाला आत बोलावणारी नावे. भजने इथूनच सुरू करावीत.

आत मात्र इयरफोन नकोत. ही शस्त्रक्रिया बहुधा केवळ डोळा बधिर करून, रुग्ण जागा असतानाच होते. चेहरा कापडाने झाकलेला असतो आणि ‘दिव्याकडे पाहा’, ‘हलू नका’ या सूचना ऐकू येणे अत्यावश्यक असते. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नस बधिर करण्यापूर्वी काही रुग्णांना मिडॅझोलाम हे भीती कमी करणारे औषध दिले आणि काहींना हेडफोनवर संगीत ऐकवले. भीती दोन्ही गटांत सारखीच उतरली. पण हेडफोनमुळे संवादाला अडथळा आला. म्हणून डॉक्टरांची परवानगी घेऊन लहान स्पीकर अगदी हळू आवाजात लावावा. शस्त्रक्रियेच्या यंत्राचे सूर बदलतात आणि त्यांवरून शल्यचिकित्सकाला आतली स्थिती कळत असते, तेव्हा तेही ऐकू यायला हवेत.

भजनांबाबत एक सावधगिरी. टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर आपली माणसे नकळत मान डोलावतात, साथीला गुणगुणू लागतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली तेवढी हालचालही जास्त होते. त्यामुळे बाकावर टाळांचे भजन चालेल, आत संथ बासरी किंवा संतूर बरे. घरी दोन-तीन दिवस आईंना तेच लावून वीस मिनिटे उताणे, निश्चल पडून राहण्याचा सराव द्यावा. गाणी फोनमध्ये आधीच उतरवून ठेवावीत आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकावा, नाहीतर ऐन वेळी ‘झालं का ऑपरेशन?’ असे विचारणाऱ्या नातेवाइकाची रिंग स्पीकरवर वाजेल.