पाच दिवस, स्वतःची गाडी आणि सातारा: कास, ठोसेघर, महाबळेश्वर, कोयना सगळं कसं बसवायचं?

तुम्ही विचारलंय की नाशिकहून स्वतःच्या गाडीने निघणार, सोबत आईबाबा आणि आठ वर्षांची मुलगी, सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, हातात पाच दिवस, आणि यादीत कास, वजराई, ठोसेघर, वासोटा, महाबळेश्वर, प्रतापगड, कोयना सगळंच आहे, तर हे कसं बसवायचं. मी साताऱ्यातच वाढलोय, येणाऱ्या पाहुण्यांना हेच सगळं दाखवत असतो, त्यामुळे सरळच सांगतो, पहिलं काम म्हणजे यादी निम्मी करा. वैताग आणायला सांगत नाहीये. नकाशावर ही ठिकाणं चिकटून दिसतात पण जमिनीवर तसं नाहीये, आणि हे एकदा डोक्यात बसलं ना की बाकीचं प्लॅनिंग आपोआप होतं.

हाताचा पंजा पसरून ठेवा. महाबळेश्वरकडचा पश्चिमेचा उंच भाग म्हणजे तळहात, बोटं म्हणजे तिथून खाली साताऱ्याच्या बाजूला उतरत आलेल्या डोंगररांगा, आणि बोटांमधल्या फटी म्हणजे नद्यांची खोरी. वाईचं खोरं कृष्णेचं, मेढ्याचं वेण्णेचं, परळीचं उरमोडीचं, त्याच्या खाली तारळीचं. कासचं फुलांचं पठार आहे वेण्णा आणि उरमोडीच्या मधल्या रांगेवर, ठोसेघरचा धबधबा आहे उरमोडीच्या पलीकडच्या रांगेवर. म्हणजे मॅपवर बोट ठेवलं तर दोन्ही जवळजवळ, पण जायचं म्हणजे आधी कासवरून साताऱ्यात खाली यायचं आणि परत दुसरा घाट चढायचा. कोयना तर या सगळ्यांच्या पाठीमागून जाते, महाबळेश्वरहून दक्षिणेला सरळ वाहत हेळवाकपर्यंत आणि तिथे वळून पूर्वेला कराडकडे, जिथे ती कृष्णेला अगदी समोरासमोर येऊन भिडते तो प्रीतिसंगम. त्यामुळे आमच्याकडे साधा नियम आहे, एका दिवशी एकच रांग. सकाळी कास, दुपारी ठोसेघर, संध्याकाळी महाबळेश्वर असले प्लॅन नेटवर भरपूर दिसतील, त्यात माणूस दिवसभर गाडीतच असतो आणि आईबाबांचं तर काय होईल बघा.

मुक्काम पहिले तीन दिवस साताऱ्यातच करा, रोज सामान बांधायचं आणि उचलायचं वाचतं, ज्येष्ठ माणसांना एकच बाथरूम एकच पलंग मिळाला की निम्मा थकवा तिथेच जातो. चौथी रात्र फक्त वर महाबळेश्वरला किंवा पाचगणीला.

पहिला दिवस पूर्ण प्रवासाचाच धरा. नाशिक ते सातारा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास होतं आणि मध्ये चाकण आणि पुणे आहे, त्यामुळे पहाटे निघालात तरच दिवस हातात राहतो. पुण्याहून येताना खंबाटकीचा घाट चढावा लागतो (जाताना बोगदा आहे, येताना घाट), तिथे ट्रक रांगेत असतात, घाई करू नका. आणि उजेड शिल्लक असेल तर सातारा यायच्या थोडं आधी लिंब गावाकडे गाडी वळवा, तिथे शेरी लिंबची बारा मोटेची विहीर आहे. शके १६४१ ते १६४६ म्हणजे साधारण १७१९ ते १७२४ मधलं बांधकाम, अष्टकोनी विहीर, आणि विहिरीच्या आतच चक्क छोटासा महाल, दगडावर कोरीव वाघ-हत्ती. दिवसभर गाडीत बसलेल्या लहान मुलीला पाय मोकळे करायला यापेक्षा चांगली जागा नाही, फक्त कठड्याजवळ हात धरून ठेवा.

दुसरा दिवस कासचा, आणि तो शनिवार-रविवार येऊ देऊ नका, हे मी अगदी कळकळीने सांगतोय. बाकी सगळा प्लॅन या एका दिवसाभोवती फिरवा. सीझनमध्ये रोज किती माणसं सोडायची याला मर्यादा असते आणि बुकिंग ऑनलाइन होतं, ते आधीच करून ठेवा आणि सकाळचा पहिला स्लॉट घ्या. साताऱ्यातून समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढून साधारण २५ किलोमीटर. टाकी साताऱ्यातच फुल करून निघा, पुढे वर भरवसा ठेवू नका.

कासला लोक एवढ्या लांबून येतात आणि अर्ध्या तासात फोटो काढून "एवढंच होय" म्हणून परत जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण कास उभं राहून बघायची जागाच नाही, ती वाकून बघायची आहे. खाली सगळा जांभा खडक, त्यावर जेमतेम काही इंच माती, मोठं झाड रुजायला जागाच नाही म्हणून ही बारकी बारकी फुलं तिथे टिकली. मातीत कसच नाही, तर काही झाडांनी वेगळाच मार्ग काढला, ती निळी-जांभळी सीतेची आसवं दिसतील ना, ती किडे खाते. मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि ओल्या मातीतले सूक्ष्म जीव त्यात अडकतात. दवबिंदू नावाची दुसरी वनस्पती आहे, तिच्या पानावर चिकट थेंब चमकत असतात, त्यावर बसलेला किडा सुटत नाही. तुमच्या मुलीला हे आधी घरी सांगून ठेवा, मग बघा ती तुम्हाला तिथून हलू देते का. गुलाबी तेरडा, पांढरे गेंद, पिवळी सोनकी, पिवळी मिकी माऊस हे सगळं सप्टेंबरच्या शेवटी असतं, पण कुठल्या आठवड्यात कुठला रंग जास्त हे पाऊस ठरवतो, दर दहा-पंधरा दिवसांनी पठाराचा रंग बदलतो, त्यामुळे इंटरनेटवरचा एखादा फोटो मनात धरून येऊ नका. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा सगळी मिळून फुलते. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात महाराष्ट्रातल्या चार, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. पाऊलवाट सोडून फुलात बसून फोटो काढणारे तिथे दिसतील, तुम्ही तसं करू नका, त्या इंचभर मातीवर पाय पडला की पुढच्या वर्षीचं बी दाबलं जातं.

कासवरून परत फिरू नका, तसंच पुढे बामणोलीला उतरा. वाटेत कास तलाव लागतो, साताऱ्याच्या बऱ्याच भागाला पाणी तिथून येतं. बामणोलीत जेवायला झुणका, नाचणीची किंवा तांदळाची भाकरी, खात असाल तर तलावातले मासे, आणि मग बोट. बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांनी घाला, आईबाबा "नको आम्हाला" म्हणतील तरी घालायला लावा. तो शिवसागर म्हणजे कोयना धरणाचंच पाणी आहे, सप्टेंबर अखेरीला धरण बहुतेक वर्षी काठोकाठ असतं, शंभर टीएमसीच्या वर पाणी. दिसायला फार सुंदर आहे पण त्या पाण्याखाली गावं, शेतं, देवळं आहेत, १९६० च्या दशकात तिथली माणसं उठवली गेली आणि कोण कुठे, कोण कुठे जाऊन राहिली. बोटवाल्या काकांशी जरा बोला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरची ही गोष्ट आहे, ऐकायला माणूस मिळाला की ते मनापासून सांगतात. मोबाईलला रेंज तिकडे येते-जाते, त्यामुळे मॅप आधीच डाउनलोड करा, आणि अंधार पडायच्या आत यवतेश्वर उतरून खाली या, रात्री त्या रस्त्याला गवे आडवे येतात आणि धुक्यात अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत.

वासोटा किल्ला यादीतून काढून टाका. पावसाळ्यात तो बंद असतो, ऑक्टोबरच्या मध्यानंतर उघडतो, वन खात्याची परवानगी काढून बोटीने पलीकडे जायचं आणि मग दाट जंगलातून चढायचं, आईबाबांना ते झेपणार नाही. वजराईही या वेळी सोडा, धबधबा तीन टप्प्यांचा आणि जबरदस्त आहे, पण भांबवलीतून घसरड्या वाटेने चालावं लागतं. तुम्ही एकटे किंवा मित्रांबरोबर आलात तर नक्की जा.

तिसऱ्या दिवशी साताऱ्यातल्या बोगद्यातून परळीच्या रस्त्याने सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी, याच क्रमाने. सज्जनगडावर गाडी बरीच वर जाते पण पुढे पायऱ्या आहेत, सकाळी गार असताना चढलेलं बरं. समर्थांची समाधी, वरून उरमोडी धरणाचा सगळा विस्तार, आणि दुपारच्या वेळी महाप्रसाद, आईबाबांना पाच दिवसातला हाच दिवस सगळ्यात जास्त आवडेल असं मला वाटतं. ठोसेघरला समोरच्या बाजूने बघायला गॅलरी केलीय, तिथूनच बघा, पाण्यात उतरायचा विचारसुद्धा करू नका. आणि मग बरेच लोक इथूनच माघारी फिरतात, तुम्ही मात्र पुढे चाळकेवाडीला जा. वर सगळं सपाट पठार, पवनचक्क्यांच्या रांगा, वारा एवढा की गाडीचं दार हातातून सुटतं, आणि सप्टेंबरात तिथेही कासच्याच जातीची बरीचशी फुलं असतात, ना तिकीट ना रांग. तिथेही पाय जपूनच टाका, राखायला कोणी नाही म्हणून आपणच राखायचं. येताना साताऱ्यात कंदी पेढे घ्या.

चौथ्या दिवशी सामान उचला आणि मेढा, केळघर घाटाने महाबळेश्वर. लोक वाई-पाचगणीकडूनच जातात, पण तो रस्ता तुम्हाला उतरताना मिळणारच आहे, आणि केळघरकडे या दिवसात भातखाचरं पिवळी पडायला लागलेली असतात, गर्दी कमी. पाऊस मोठा झाला असेल तर मात्र निघायच्या आधी घाट चालू आहे का ते हॉटेलवाल्याला विचारा, दरड येऊ शकते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, उतरताना ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका तर दुसऱ्या गिअरला गाडी टाका, आणि धुक्यात चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर लावून जायची जी सवय पसरलीय ना ती अजिबात धरू नका, मागच्याला तुम्ही कुठे वळणार तेच कळत नाही. हेडलाइट लो बीमवर आणि हळू, एवढं पुरतं. मुलीला घाट लागत असेल तर सकाळी पोटभर न देता थोडंसंच खायला द्या आणि मोबाईल हातात देऊ नका.

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे सप्टेंबर अखेरीला पॉइंटवर गेलात आणि समोर फक्त पांढरं धुकं दिसलं असं होऊ शकतं. म्हणून पॉइंटांची यादी करू नका. क्षेत्र महाबळेश्वरला जा, पंचगंगेचं देऊळ, गोमुखातून पडणारं पाणी, कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचा उगम इथेच मानतात, आणि शेजारी कृष्णाबाईचं जुनं काळ्या दगडाचं देऊळ आहे तिथे जरा शांत बसता येतं. लिंगमळ्याच्या धबधब्याला पाणी भरपूर असेल. स्ट्रॉबेरीचं मुलीला आधीच सांगून ठेवा, या दिवसात शेतात रोपं लावायचं काम चालू असतं, ताजं फळ डिसेंबरच्या आसपास, आत्ता स्ट्रॉबेरी क्रीम म्हणून जे मिळतं ते आधीच्या सीझनचं साठवलेलं फळ. प्रतापगड आंबेनळी घाटातून खाली, साधारण २२-२४ किलोमीटर, हवा उघडी असेल आणि आईबाबा ताजेतवाने असतील तरच. पायऱ्या बऱ्याच आहेत. मुलगी चौथीत गेली की हा सगळा इतिहास पुस्तकात येतोच, त्या सुट्टीत तिला खास त्यासाठी आणा, जास्त लक्षात राहील.

कोयनानगर या ट्रिपमध्ये घेऊ नका. ते साताऱ्याच्या दक्षिणेला, उंब्रज किंवा कराडवरून पाटणमार्गे, म्हणजे तुमच्या घराच्या बरोबर उलट्या दिशेला. त्याला वेगळे तीन दिवस काढा, हिवाळ्यात या, कराडचा प्रीतिसंगम, कोयनानगर, आणि तसंच पुढे सांगली जिल्ह्यात सागरेश्वर अभयारण्य किंवा शिराळ्याकडून चांदोली. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तो भाग घाईत बघायचा नाही.

एक गोष्ट मात्र लवचिक ठेवा. कासच्या सकाळी पठारावर नुसतंच धुकं असेल तर लगेच हिरमुसून फिरू नका, आधी बामणोलीला उतरून या, दुपारपर्यंत बऱ्याचदा उघडतं. छत्री त्या वाऱ्यात टिकत नाही, रेनकोट घ्या, आणि आईबाबांना चांगली पकड असलेले बूट, चपला नकोत, ओल्या जांभ्यावर पाय सटकतो.

पाचवा दिवस, सकाळी पाचगणीचं टेबल लँड बघून पसरणी घाटाने वाईत उतरा. १७६२ सालच्या देवळातला ढोल्या गणपती, कृष्णेचा घाट, आणि तिथून जवळच मेणवली, नाना फडणवीसांचा वाडा. मेणवलीच्या घाटावर जी मोठी घंटा टांगलीय ती वसईच्या मोहिमेनंतर पोर्तुगीजांकडून आलेली, मुलीला नक्की दाखवा. जेवण वाईतच लवकर उरका आणि बाराच्या आसपास निघा, म्हणजे जाताना खंबाटकीचा बोगदा, मग पुणे, आणि चाकणला संध्याकाळी कंपन्या सुटायच्या आत तुम्ही पार झालेले असाल, एकदा त्या गर्दीत सापडलात तर नाशिकला पोचायला मध्यरात्र होते.