ट्रक भरायच्या आधी एक फोन करा

प्रश्न : आमचं पुण्यात गणेश मंडळ आहे. कुठे पूर आला की दोन दिवसांत कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या गोळा करून ट्रक पाठवतो. मागच्या वेळी कळलं की अर्धा माल तिथल्या शाळेत तसाच पडून राहिला, पोरं फार हिरमुसली. आमचं काय चुकतं?

उत्तर : हिरमुसणारच हो, दारोदार फिरून गोळा केलेलं असतं ते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४३), तेव्हा पाणी उतरल्यावर मी शिरोळ तालुक्यात आठवडाभर होते. एका शाळेच्या व्हरांड्यात जुन्या कपड्यांचा छातीएवढा ढीग, ओला, कुबट वास सुटलेला, आणि बाजूला एक मावशी मला विचारतायत, "ताई, एखादा परकर हाय का?" अख्खा ढीग उपसला, शर्ट-पँटी निघाल्या, परकर काही निघाला नाही. गावात जनावरं उपाशी होती पण वैरण कुणीच आणली नव्हती.

म्हणून सांगते, आधी सरपंचांना नाहीतर तलाठ्यांना फोन लावा, किती घरांत पाणी शिरलं, काय आलंय आणि काय आता नको ते विचारा, कारण हायवेलगतच्या गावात गाड्यांची रांग लागते आणि आतल्या वस्तीवर एकही पोचत नाही. जुने कपडे तर घेऊच नका, लोकांना स्पष्ट सांगा, राग येऊ दे.

दुसरं म्हणजे वेळ बघा. चिपळूणला २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, ते ओसरल्यावर घराघरात चिखल, मग तिथे बिस्किटांपेक्षा फावडी, घमेली, खराटे, ब्लीचिंग पावडर आणि चिखल उपसायला दहा दणकट हात जास्त कामाचे.

सामान सुटं नेऊ नका, घरटी एक किट बांधा, आत काय आहे ते बाहेर मार्करने लिहा, आणि आदल्या दिवशी गावातल्याच पोरांकडून घरोघरी कुपनं वाटून घ्या म्हणजे ट्रकमागे ढकलाढकली होत नाही आणि म्हातारी माणसं मागे राहत नाहीत.

आणि जमलेले सगळे पैसे पहिल्याच ट्रकवर संपवू नका, निम्मे ठेवा. महिन्याभराने गाड्या यायच्या बंद होतात, तेव्हा परत त्याच सरपंचांना फोन करा, कुणाच्या पोराची वह्या-पुस्तकं भिजलेली असतात, कुणाचं शिलाई मशीन गंजून बसलेलं असतं.