'कॉमनवेल्थ कोटा' नावाचं काही नसतं गं

खानापूरहून तू लिहिलंस की बेळगावात बी. ई. झालीस, इंग्लंडला एमएस्सीला यायचंय, आणि एजंट सांगतोय की भारत कॉमनवेल्थमध्ये (म्हणजे राष्ट्रकुलात, मुख्यतः जुन्या ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांच्या मंडळात) असल्यामुळे आपल्या मुलांना वेगळा कोटा आहे, फी कमी, व्हिसा सोपा. हे खरं का, आणि खोटं असेल तर ते कॉमनवेल्थ हवंय कशाला, असंही विचारलंस. काकू म्हणालीस म्हणून जरा सविस्तर लिहिते. (बोलताना मी अजून आपल्याकडच्यासारखं 'मी आलो, मी गेलो' म्हणते. लिहिताना मात्र मराठी शाळेतल्या बाईंचा धाक अजून सुटला नाही.)

कोटा नाही. फीचे दर दोनच: इथल्यांना एक, बाहेरच्यांना एक. बाहेरच्यांच्या रांगेत तू, चीनची पोरगी आणि ब्राझीलचा पोरगा, तिघं एकाच दराने. व्हिसाचंही तेच. ऑस्ट्रेलियाचा किंवा सिंगापूरचा माणूस फिरायला विनाव्हिसा येतो, आपण, पाकिस्तान, बांगलादेश, नायजेरिया मात्र नाही. सगळे राष्ट्रकुलातलेच बरं का! गाडीच्या लायसन्सचं ऐक. जपानचं लायसन्स इथे बदलून मिळतं, भारताचं मिळत नाही. वर्षभर आपल्या लायसन्सवर चालवायची, मग परीक्षेला बसायचं. खानापूर-लोंढा रस्त्यावर पंधरा वर्षं गाडी मारलेला माझा भाऊ इथे पहिल्यांदा नापास झाला, कारण आरशात बघितलं नाही.

हे दार एकेकाळी उघडं होतं, हे खरं. १९४८च्या कायद्याने राष्ट्रकुलातला कुणीही इथे येऊन राहू शकत होता. १९६२ला पहिली कडी लागली, १९७१च्या कायद्याने कुलूप. एक फट ठेवली: राष्ट्रकुलातल्या ज्या नागरिकाचे आजी किंवा आजोबा इथे जन्मले असतील त्याला पाच वर्षांचा व्हिसा. आता खानापुरात कुणाची आजी ब्रिस्टलला जन्मली असेल, तूच सांग. फट कुणासाठी होती ते यावरून कळतं.

मग भारत त्यात राहिला कशाला? १९४९ला लंडनमध्ये नेहरूंनी मान्य करून घेतलं की भारत प्रजासत्ताक होणार, राजाला आपला राजा मानणार नाही, पण या मंडळाचा प्रमुख म्हणून चालवून घेईल. त्यावर आजचं सगळं उभं आहे. तेव्हा बेळगाव मुंबई प्रांतात होतं आणि प्रांताचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर होते. तेच पुढे १९५२ला लंडनला भारताचे उच्चायुक्त झाले. राजदूत नाही, उच्चायुक्त, कारण राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे राजदूत पाठवत नाहीत.

आज ५६ देश आहेत. रवांडा, मोझांबिक, गॅबन तर ब्रिटिशांच्या वसाहतीही नव्हत्या, स्वतःहून आत आले. का आले असतील याचा मी बराच विचार केला. हॉस्पिटलात माझ्या वॉर्डात एक फिजीची सिस्टर होती, तिच्याशी बोलताना थोडं उमगलं. तुवालू नावाचा देश आहे, लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास. आपलं खानापूर गाव त्याहून मोठं. त्यांना एरवी कोण विचारतं? राष्ट्रकुलात त्यांची खुर्ची भारताच्या खुर्चीएवढीच. समुद्र चढून बेट बुडतंय हे सांगायला त्यांना ही जागा मोलाची आहे. भारताला ती तेवढी मोलाची नाही, आणि तुला-मला व्यापार-कराराइतकीसुद्धा उपयोगाची नाही. व्हिसाची जी काही सवलत आपल्याला मिळालीय ती दोन देशांच्या आपसातल्या करारातून. १८ ते ३० वयाच्या भारतीय पदवीधरांसाठी सोडतीने दोन वर्षांचा व्हिसा आहे, वर्षाला ३००० जागा. त्याची चौकशी जरूर कर. एजंट त्यालाच 'कोटा' म्हणत असेल तर त्याला सांग, त्यात नंबर चिठ्ठीने लागतो आणि चिठ्ठी एजंट काढत नाही.

पण एक गोष्ट आहे, आणि ती मला इथे येण्याआधी कुणीही सांगितली नाही. मत. तू विद्यार्थिनी म्हणून आलीस तरी, भारतीय पासपोर्ट आणि वैध व्हिसा एवढ्यावर तुला इथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, अगदी खासदार निवडायलासुद्धा. राष्ट्रकुलातल्या नागरिकांना हा हक्क आहे, युरोपातल्या बहुतेकांना नाही. माझ्या शेजारची पोलंडची बाई माझ्याआधी कितीतरी वर्षं लेस्टरला राहते, कर भरते, पण खासदाराच्या निवडणुकीला तिला घरी बसावं लागतं. मी पहिल्याच वर्षी जाऊन आले. ती म्हणाली, हा कुठला न्याय? मला उत्तर देता आलं नाही. दार बंद करताना ही खिडकी बंद करायची राहून गेली, एवढंच. आपण सीमाभागातली माणसं. मतदान, ठराव, एक नोव्हेंबरचा काळा दिन, सुप्रीम कोर्टात २००४पासूनचा दावा, हे बघत मोठी झालो. मताने सगळं सुटत नाही हे कुणी आपल्याला शिकवायला नको, तरी आई अजून प्रत्येक निवडणुकीला पहिल्या रांगेत असते. तू पण नाव नोंदव. शिवाय एक व्यवहाराची गोष्ट: मतदार यादीत नाव असलं की मोबाईलचा करार, बँक यांच्या पतचौकशीत मदत होते. नवख्या माणसाला इथे पत नावाची चीजच नसते, तेव्हा हे कामाचं आहे.

दुसरी खरी गोष्ट म्हणजे राष्ट्रकुल शिष्यवृत्ती, १९५९च्या योजनेपासून चालू आहे. फी, राहणं, विमानाचं भाडं, सगळं. पण शिकून झालं की परत जाईन असं लिहून द्यावं लागतं. इथे नोकरी करून घरचं कर्ज फेडायचा बेत असेल तर ती तुझ्यासाठी नाही. कर्ज काढायचंच नसेल तर मात्र पहिला अर्ज हाच कर.

तिसरी, उपयोगाची नाही पण सांगते. बेळगावच्या मराठा सेंटरच्या, म्हणजे लष्कराच्या मराठा रेजिमेंटच्या केंद्राच्या, बँडचा आवाज लहानपणी कॅम्पात ऐकलेला. मागे इटलीला गेले तेव्हा कॅसिनो नावाच्या गावी युद्धस्मारकावर मराठा रेजिमेंटच्या यशवंत घाडगेंचं नाव वाचलं. १९४४ला दुसऱ्या महायुद्धात लढताना पडले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, देह सापडला नाही. ती स्मारकं राष्ट्रकुलाच्या युद्धकबर आयोगाकडे आहेत. खर्च उचलणारे देश सहा, त्यात भारत एक. त्या दगडासमोर मला कॉमनवेल्थ हा शब्द पहिल्यांदा जड वाटला.

आता कागद. तुझा जन्मदाखला कन्नडमध्ये असणार, त्याचं इंग्रजी प्रमाणित भाषांतर लागेल. आणि नाव बघ. २०१४च्या नोव्हेंबरात बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा एका कागदावर जुनं, दुसऱ्यावर नवं असं होतं. इथल्या कारकुनाला ती दोन गावं वाटतात. माझ्या एका अर्जाला त्यापायी तीन आठवडे जास्त लागले. पासपोर्टवर जे आहे तेच सगळीकडे लिही, आणि दोन्ही एकच असल्याचं एक प्रतिज्ञापत्र बरोबर ठेव. व्हिसासाठी दाखवायची बँकेतली रक्कम सलग २८ दिवस हलवायची नाही. काकाने दोन दिवसांसाठी टाकलेले पैसे चालत नाहीत. आरोग्याचा सरचार्ज विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड, तो आधीच भरायचा. लग्न ठरत असेल तर लक्षात ठेव, एमएस्सीच्या व्हिसावर नवऱ्याला आणता येत नाही, जानेवारी २०२४पासून बंद झालंय.

एजंटला पैसे दिले नसशील तर थांब. दिले असशील तर पावती माग, आणि 'कॉमनवेल्थ कोट्यासाठी' हे शब्द त्या पावतीवर त्याच्या सहीनिशी लिहून घे. लिहितो का बघ.