जॉबकार्डावरची तारीख मार्चची वाट पाहत नाही

गाडीतल्या दोषाबद्दल ग्राहक आयोगात तक्रार दाखल करण्याची तुमची मुदत मार्च 2026मध्ये नव्हे, 16 ऑक्टोबर 2025ला संपते. आज ऑगस्ट निम्मा होत आला आहे. "गणपती झाले की रत्नागिरीला येऊन भेटतो," असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. गणपतीनंतर पितृपक्ष, मग नवरात्र, मग दसरा. कोकणात कागदाचं काम या दिवसांत कसं चालतं ते तुम्हाला सांगायला नको. भेटायचंच असेल तर गणपतीआधी या.

पत्र लिहिणाऱ्या, संगमेश्वर तालुक्यातल्या या बागायतदारांनी 2023च्या गुढीपाडव्याला कोल्हापूरच्या विक्रेत्याकडून सात आसनी, मागच्या चाकांवर चालणारी डिझेल गाडी घेतली. रस्त्यावर येईपर्यंत सतरा लाख गेले. ताशी 85-90च्या पुढे गेलं की सीट आणि पायाखालची फरशी थरथरू लागते, वेग उतरला की थांबते. सर्व्हिस सेंटरने पाच वेळा चाकांचं बॅलन्सिंग करून दिलं, फरक शून्य. वॉरंटी तीन वर्षांची असल्यामुळे अजून वेळ आहे असं त्यांना वाटतं, आणि त्यांना नवी गाडी हवी आहे. अशी पत्रं मला सारखी येतात, विशेषतः मुंबई-गोवा महामार्गावर वाकेडच्या पुढे राजापूर, कणकवलीकडचा चौपदरी काँक्रीट रस्ता गाडीला मिळू लागल्यापासून. त्याआधी आपल्या भागात नव्वदचा वेग धरायला जागाच नव्हती, त्यामुळे दोष असला तरी तो कळत नव्हता.

वॉरंटीची तीन वर्षं आणि तक्रार दाखल करण्याची दोन वर्षं यांचा एकमेकांशी संबंध नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019चं कलम 69 सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगापुढे यायला हवं. तुमच्याबाबतीत ते कारण कधी घडलं? तुम्हीच जोडलेल्या 16 ऑक्टोबर 2023च्या जॉबकार्डावर, म्हणजे सर्व्हिस सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, "85च्या वर सीटखाली कंप" अशी ग्राहकाची तक्रार नोंदलेली आहे. त्या दिवशी दोष तुम्हाला माहीत होता, समोरच्यालाही माहीत झाला. घड्याळ तिथून सुरू झालं.

वॉरंटी चालू असेपर्यंत आणि दुरुस्तीचे प्रयत्न सुरू असेपर्यंत तक्रारीचं कारणही जिवंत राहतं, असा युक्तिवाद करता येतो. मीही तो अर्जात घालीन. पण तो पडला तर संपूर्ण केस त्याच्याबरोबर पडेल, म्हणून त्याच्यावर विसंबून ऑक्टोबर जाऊ देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली स्टेट बँक विरुद्ध बी. एस. अ‍ॅग्रिकल्चरल इंडस्ट्रीज या प्रकरणात स्पष्ट केलं आहे की समोरच्याने हरकत घेवो वा न घेवो, मुदत आयोगाने स्वतःहून तपासलीच पाहिजे. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालाप्रमाणे नोटीस पाठवल्याने किंवा नोटिशीला उत्तर आल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली म्हणून तुम्ही निर्धास्त आहात. त्या नोंदणीनेही घड्याळ थांबत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात पुरेसं कारण लिहावं लागतं, आणि "सर्व्हिस सेंटरवाले पुढच्या वेळी बघू म्हणाले" हे पुरेसं मानलं जाईल की नाही ते समोर बसलेल्या सदस्यांवर आहे. जिथे अर्ज न करता काम होतं तिथे तो करण्याची वेळ का आणायची?

आता तुमच्या निष्काळजीपणाबद्दल मला कडक बोलावं लागणार आहे. गेल्या डिसेंबरमध्ये हातखंब्याच्या एका गॅरेजमध्ये तुम्ही प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा, खोलून घेतला. मिस्त्रीने त्याच्या जॉइंटमधला क्रॉस बदलला, शाफ्ट परत बसवला, जुना क्रॉस भंगारात गेला, पावती नाही. वॉरंटीच्या पुस्तकात बाहेरच्या दुरुस्तीबद्दलचं कलम आहे, ते तुम्ही पानाचा फोटो काढून मलाच पाठवलंय. म्हणजे वाचलं होतं! शाफ्ट काढताना फ्लँजवर, म्हणजे तो बोल्टने जोडतात त्या चकतीवर, खूण करून त्याच खुणेवर परत बसवावा लागतो, नाहीतर नीट असलेला शाफ्टही थरथरू शकतो. सामनेवाल्यांचा, म्हणजे विक्रेता आणि कंपनीचा, वकील पहिल्याच तारखेला म्हणेल की दोष हातखंब्याला तयार झाला.

त्याला उत्तर एकच आहे, ऑक्टोबर 2023चं तेच जॉबकार्ड. हातखंब्याच्या वर्षभर आधी तक्रार नोंदलेली आहे, म्हणजे दोष आधीचा. तुम्ही फोनवर विचारलंत की ते कार्ड बाजूला ठेवून फेब्रुवारी 2024चं लावलं तर मुदत वाढेल का. असं करू नका. खरी तारीख लपवणं मला मान्य नाही, आणि सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरमध्ये ती आहेच. शिवाय दोष जुना आहे हे सांगायला जो कागद लागतो, तोच मुदत मोजायला सुरुवात करतो. पुरावा म्हणून घ्यायचा असेल तर त्याच्या तारखेसकट घ्यावा लागेल. म्हणून दाखल करायचं ते 16 ऑक्टोबरच्या आत. मी तर सप्टेंबर अखेर धरून चालतो.

नंतरच्या चार जॉबकार्डांवर फक्त "व्हील बॅलन्सिंग, अलाइनमेंट" आहे आणि खाली "काम समाधानकारक" यावर तुमची सही. थरथर तोंडी सांगितली, असं तुम्ही म्हणता. तोंडी सांगितलेलं आयोगापुढे सिद्ध करणं फार अवघड. या आठवड्यात गाडी परत न्या आणि तक्रार स्वतःच्या शब्दांत लिहून घ्यायला लावा: किती वेगाला सुरू होते, स्टिअरिंगमध्ये जाणवते की सीटमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर कमी होते का. ऑक्टोबर 2023च्या पहिल्या कार्डावर "टेस्ट ड्राइव्ह केली, दोष आढळला नाही" असं आहे, पण ती ड्राइव्ह रत्नागिरी शहरात मारुती मंदिर ते साळवी स्टॉप झाली असेल तर तिथे नव्वदचा वेग येणारच नाही. टेस्ट ड्राइव्ह वाकेडच्या पुढे, तुम्ही शेजारी बसून, पाटीवरच्या वेगमर्यादेत व्हावी आणि रस्ता, वेग दोन्ही कार्डावर यावेत. नकार दिला तर त्याच दिवशी ईमेल करा.

दोष नेमका कुठे आहे हे मी सांगणार नाही, ते तज्ज्ञाचं काम. पण त्याला काय विचारायचं हे कळावं म्हणून थोडं सांगतो, कारण तज्ज्ञाला चुकीचा प्रश्न गेल्याने अहवाल निरुपयोगी झालेले मी पाहिले आहेत. तुमच्या आकाराचं चाक नव्वदच्या वेगाला सेकंदाला साधारण 11 फेरे घेतं. प्रोपेलर शाफ्ट डिफरन्शियलच्या (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या गिअरच्या) प्रमाणात त्याच्या चौपट, म्हणजे 40 ते 45 फेरे घेतो. चाकाचा तोल गेला असेल तर हादरा जाड आणि सावकाश येतो, पुढचं चाक असेल तर बहुतेक वेळा स्टिअरिंगमध्ये. शाफ्टची थरथर बारीक, गुणगुणल्यासारखी, सीट आणि फरशीत येते. मागच्या चाकाचा दोषही सीटमध्ये पोचतो, म्हणून अंगाला काय जाणवतं एवढ्यावर निदान होत नाही. कंपनमापकाने वारंवारता मोजली की फरक आकड्यात दिसतो. दुसरी कसोटी, त्याच वेगाला क्लच दाबल्यावर इंजिनचे फेरे उतरूनही थरथर तशीच राहिली तर कारण इंजिनमध्ये नाही, गिअरबॉक्समध्ये, त्याच्या मागे किंवा चाकांत आहे. ही कसोटी घाटात स्वतः करू नका, ती मेकॅनिकने सपाट रस्त्यावर करावी.

चारही टायर तुम्ही स्वतःच्या पैशाने बदललेत आणि थरथर गेली नाही. हा खर्च टाळता आला असता, पण ती पावती आता उपयोगाची आहे, टायर हे कारण नव्हतं असं म्हणायला आधार मिळतो. जपून ठेवा. तपासणीआधी गाडी खालून धुऊन घ्या. पावसात रिमच्या आतल्या बाजूला लाल माती चिकटून सुकते आणि तेवढ्यानेही चाकाचा तोल जातो. समोरच्याला ते निमित्त मिळू नये.

त्याच ग्राहक कायद्याच्या कलम 38प्रमाणे दोष तपासणीशिवाय ठरत नसेल तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवतो, अहवाल 45 दिवसांत मागवतो, फी तुम्हाला भरायला सांगू शकतो. हा अर्ज तक्रारीबरोबरच द्यायचा, नंतर नाही. उत्पादन दोष सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर आहे, आणि तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय अशा तक्रारी टिकणं कठीण. संस्थेचं नाव आपणच सुचवू. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन आहे, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयोग कोणाला नेमेल ते आत्ता सांगता येत नाही. हातखंब्याच्या त्या मिस्त्रीचं प्रतिज्ञापत्रही घ्या: शाफ्ट खोलला तेव्हा काय दिसलं, का खोलला.

नव्या गाडीचा हट्ट सोडा, निदान पहिली मागणी म्हणून. मारुती उद्योगच्या 2006च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की वॉरंटी सदोष भाग दुरुस्त करण्याची किंवा बदलण्याची असेल तर त्यावरून सबंध गाडी बदलून मागता येत नाही. म्हणून पहिली मागणी तज्ज्ञ सांगेल ते सगळे भाग, शाफ्टपासून डिफरन्शियलपर्यंत, विनामूल्य बदलून देण्याची. तरीही दोष गेला नाही तर गाडीची किंमत परत. शिवाय टायरचा खर्च, फेऱ्या आणि मनस्ताप. कायद्यातल्या उत्पादन दायित्वाच्या (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईच्या) प्रकरणाखाली मोठी रक्कम मिळेल असं कोणी सांगितलं असेल तर ते विसरा, त्या व्याख्येत वस्तूचं स्वतःचं नुकसान धरलेलं नाही.

गाडी कोल्हापूरची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, रत्नागिरीच्या आयोगात, दाखल करता येतं. दहा ते वीस लाखांच्या व्यवहाराला फी 400 रुपये. विक्रेता, सर्व्हिस सेंटर, उत्पादक, तिघांनाही सामनेवाले करायचं.

एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेलात: होम-स्टेचे पाहुणे याच गाडीने स्टेशनवरून आणता. त्यांच्याकडून भाडं घेत असाल तर पांढऱ्या नंबरप्लेटवर ते आजच बंद करा. गाडी व्यापारी कामाची म्हणून तुम्ही ग्राहकच नाही, असा बचाव येणारच. स्वतःच्या उपजीविकेसाठीच्या स्वयंरोजगाराला कायद्यात सवलत आहे, ती तुम्हाला लागू पडेल का हे गाडी प्रत्यक्षात कशी वापरली त्यावर ठरेल. मला भेटाल तेव्हा याबद्दल खरं आणि पूर्ण सांगा.

किती काळ लागेल? कायदा म्हणतो, तपासणी लागणाऱ्या तक्रारी पाच महिन्यांत निकाली काढाव्यात. प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि याचा मला खरोखर संताप येतो. सामनेवाल्यांच्या लेखी उत्तराला 45 दिवसांवर एक दिवसही देता येत नाही, असं घटनापीठाने 2020मध्ये ठरवून दिलं. पण आयोगांत अध्यक्ष-सदस्यच वेळेवर नेमले जात नाहीत म्हणून 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. सदस्य नसतील तर कोणतीही मुदत कागदावरच राहते. म्हणून तज्ज्ञाचा अर्ज पहिल्याच दिवशी हवा, गाडीची अवस्था ताजी असताना.

शेवटचा तुमचा प्रश्न, तोवर गाडी चालवू का. शाफ्टचा जॉइंट वेगात तुटला तर शाफ्ट खाली पडून रस्त्याला अडकू शकतो. मुंबईहून मुलं येणार आहेत, सात जण बसून कणकवलीपर्यंत जाणार आहात. त्याआधी सर्व्हिस सेंटरला लिफ्टवर गाडी चढवून जॉइंट, सेंटर बेअरिंग आणि फ्लँजचे बोल्ट तपासायला लावा, आणि गाडी हायवेवर चालवायला सुरक्षित आहे असं लेखी मागा. ते मिळेपर्यंत थरथर सुरू होते त्या वेगाच्या बरंच खाली राहा. लेखी द्यायला नकार आला तर गाडी घरी ठेवा आणि नकाराची तारीख ईमेलने कळवा, मी ती तक्रारीत घालीन.