गेलो, गेले आणि कपाट

प्रिय,

तुझी वही दोनदा वाचली. तुझ्या मांडणीशिल्पाच्या आराखड्यांच्या आधी एक गोष्ट नजरेत भरली. पहिल्या पानावर ‘मी आजीकडे गेलो’, चार पानांनंतर ‘गेले’, मग त्यावर काट मारून परत ‘गेलो’. ती खाडाखोड तशीच ठेव. मराठीत स्वतःबद्दल साधं वाक्य बोलावं, तर क्रियापद लगेच ओळखपत्र मागतं. (हे पत्र तुझं लिंग न ठरवता लिहिताना मलाही कसरत करावी लागतेय.) खरं साहित्य तिथं आहे आणि आराखड्यात मात्र तीस मीटर सप्तरंगी कापडाचा बोगदा!

माझंही असंच झालं होतं. पहिल्या मांडणीशिल्पात मी आरशाचं लोखंडी कपाट उभं केलं, आत माझी पत्रं. लोकांनी आरशात बघून केस नीट केले नि पुढं गेले. दार कुणीच उघडलं नाही. ‘क्लोझेट’, म्हणजे आपली लैंगिक ओळख जणू कपाटात लपवणं, ही इंग्रजीतली कल्पनाच उसनी होती. आमच्या घरच्या कपाटात साड्या नि डांबराच्या गोळ्या असायच्या. माझं गुपित गच्चीवर होतं, पाण्याच्या टाकीमागे.

फेलिक्स गोन्झालेझ-टोरेस या अमेरिकी कलाकाराचं 1991 चं काम आठव. रंगीत कागदांतल्या खायच्या गोड गोळ्यांचा कोपऱ्यातला ढीग, ठरवलेलं वजन 175 पौंड, म्हणजे जवळपास 79 किलो. शीर्षकात कंसात दिलेल्या नावानुसार ते रॉसचं व्यक्तिचित्र. रॉस लेकॉक, त्याचा जोडीदार, त्याच वर्षी एड्सने गेला. येणाऱ्याने एक गोळी उचलायची, ढीग कमी होत जातो, पुन्हा भरता येतो. चेहरा नाही, झेंडा नाही. तळहात पुढं करून प्रसाद घेणाऱ्या आपल्या माणसांना हे समजवावं लागणार नाही.

तुझ्याकडे आवाज आहे. दोन स्पीकर, अरुंद वाट, एकीकडून ‘गेलो’, दुसरीकडून ‘गेले’. मधून चालताना माणसाला दोन्ही ऐकू यावेत. वाटेची रुंदी खांद्याएवढीच ठेव, म्हणजे तिरकं व्हावं लागेल. लेबल, ओळख वगैरे नंतर.

‘समलिंगी संबंध गुन्हा नाही, असा कोर्टाने 2018 मध्ये निकाल दिला, आईने अजून नाही,’ असं लिहिलंस. उद्घाटनाला तिला बोलवायचं की नाही, हे तू ठरव. न बोलावल्याने काम खोटं ठरत नाही.

शनिवारी ये, आवाज मुद्रित करून बघू. आणि कापड फाडलं नसेल तर दुकानदाराला विचार, परत घेईलही.