वाचकांचे प्रश्न : विद्यापीठाच्या कलादालनातील विद्यार्थ्यांची चित्रे

गेल्या अंकात आम्ही पुण्यातील विद्यार्थी-प्रदर्शनांविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. विद्यापीठाच्या कलादालनात अनेक वर्षे विद्यार्थ्यांची चित्रे भिंतीवर लावण्याचे आणि उतरवण्याचे काम मी केले आहे, त्यामुळे उत्तरांत माझी मतेही आली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षात शिकते. वार्षिक प्रदर्शनासाठी तिने सहा कामे दिली होती. त्यांपैकी एकच घेतले गेले आणि तेही दाराजवळच्या कोपऱ्यात लागले. वर्गात सर्वांना आवडलेले तिचे मोठे चित्र वगळण्यात आले. निवड नेमकी कशावर ठरते, आणि पालकांनी याबाबत बोलावे का? — एक पालक, कोथरूड

निवडीत चित्राच्या गुणवत्तेइतकाच भिंतीचा हिशेब असतो, आणि तो पालकांना सहसा कोणी सांगत नाही. समजा, दालनात एका बाजूला साठ फूट भिंत आहे, प्रत्येक चित्र चौकटीसह अडीच फूट रुंद आहे आणि दोन चित्रांमध्ये दीड फूट मोकळी जागा ठेवायची आहे, तर त्या भिंतीवर एका ओळीत पंधराच चित्रे बसतात. वर्गात चाळीस विद्यार्थी असतील तर चारही भिंती धरूनही प्रत्येकाला एक-दोन जागांपलीकडे काही देता येत नाही. जागा वाढवण्यासाठी चित्रांवर चित्रे लावली, तर वरची ओळ मान उंचावून आणि खालची वाकून पाहावी लागते, आणि दोन्ही ओळींचे नुकसान होते. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५० सेंटिमीटर उंचीवर यावा, हा संकेत उभ्या माणसाच्या नजरेवरून ठरलेला आहे आणि तो शक्यतो मोडू नये.

दुसरी गोष्ट अशी की निवड करणारे शिक्षक एकेक चित्र सुटे पाहत नाहीत. शेजारी काय लागणार आहे याचा विचार त्यांना करावा लागतो. वर्गात सर्वांना आवडणारे चित्र बहुधा सफाईदार असते, आणि तसल्याच सफाईची आठ-दहा चित्रे आधीच निवडलेली असतात. अशा वेळी विद्यार्थ्याने स्वतःचा काही शोध घेतलेले, कदाचित थोडे अडखळलेले काम निवडणे मला अधिक योग्य वाटते. कोपऱ्यातील जागाही कमी प्रतीची असतेच असे नाही. लहान, बारकाव्याचे काम मोठ्या मुख्य भिंतीवर हरवून जाते, तर कोपऱ्यात प्रेक्षक त्याच्याजवळ जाऊन थांबतो.

आपल्या पत्रातील खरी तक्रार मात्र मला वेगळी दिसते, आणि ती रास्त आहे. मुलीला निवडीचे कारण कोणीच सांगितलेले नाही. निवड झाल्यावर प्रत्येक विद्यार्थ्याशी पाच मिनिटे बोलून ‘हे का घेतले, ते का वगळले’ एवढे सांगणे हे शिक्षकांचे काम आहे, कारण विद्यापीठाचे कलादालन हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. आपण दूरध्वनी करू नये, असे मी सुचवेन. मुलीनेच आपली सहाही कामे घेऊन शिक्षकांकडे जावे आणि वगळलेल्या पाचांविषयी विचारावे. पुढे अन्य दालनांत अर्ज करताना हेच संभाषण तिला अनोळखी माणसांशी करावे लागणार आहे.

प्रश्न : आमचे प्रदर्शन जुलैमध्ये होते. माझी चारकोलची दोन चित्रे ॲक्रिलिक शीट लावून फ्रेम केली होती. उघडून पाहिले तेव्हा शीटच्या आतल्या बाजूला काळी भुकटी चिकटलेली होती. जलरंगातील चित्राचा कागद तर लाटांसारखा फुगला. चूक माझी की फ्रेमवाल्याची? — विद्यार्थिनी, धनकवडी

फ्रेमवाल्याला काय सांगायचे हे तुम्हाला कोणी शिकवले नव्हते. अभ्यासक्रमात रंग, रचना, शरीररचना सर्व असते, परंतु कागद कसा जपावा याला बहुतेक ठिकाणी एक तासही मिळत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

चारकोल आणि सुके पेस्टल कागदाच्या खरबरीत पृष्ठभागावर केवळ अडकून बसलेले असतात. तेलरंगातील तेलासारखा त्यांना धरून ठेवणारा घटक नसतो. ॲक्रिलिक शीट कोरड्या फडक्याने पुसली की तिच्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि ती भुकटी स्वतःकडे ओढून घेते. म्हणून अशा चित्रांना काचच लावावी. ती जड असते आणि दुचाकीवरून नेताना जिवाला घोर लावते, तरीही काचच. चित्राभोवती खिडकीसारखा कापलेला माउंट बोर्ड घालावा, म्हणजे काच आणि कागद यांच्यात तीन-चार मिलिमीटरची पोकळी राहते. फिक्सेटिव्ह (भुकटी कागदावर धरून ठेवणारा फवारा) मारायचे असेल तर गच्चीवर किंवा मोकळ्या हवेत, दुरून, दोन-तीन पातळ थरांत मारावे. एकदाच भरपूर मारल्यास चारकोलच्या करड्या छटा काळवंडतात.

जलरंगाच्या कागदाचे कारण वेगळे आहे. कागद हवेतील ओल शोषून पसरतो आणि हवा कोरडी झाली की आकसतो. चारही कडांनी तो पाठीमागच्या पुठ्ठ्यावर चिकटवून टाकलेला असेल तर पसरायला जागा न मिळाल्याने मध्येच उचलला जातो, आणि पुण्याच्या जुलैमध्ये हे हमखास घडते. चित्र केवळ वरच्या कडेला दोन ठिकाणी, पातळ पण चिवट कागदाच्या लहान बिजागऱ्या करून, गव्हाच्या स्टार्चच्या खळीने टांगावे. जपानी कागद यासाठी सर्वांत चांगला. ही खळ पाण्याने पुन्हा सोडवता येते. सेलोटेप कधीही वापरू नये, कारण तिचा चिकट पदार्थ काही वर्षांत पिवळा होऊन कागदात उतरतो आणि तो डाग सहजी निघत नाही. पाठीला साधा हार्डबोर्ड थेट लावू नये. मध्ये आम्लरहित बोर्ड घालावा. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे लहान तुकडे चिकटवले की भिंत आणि चित्र यांच्यामधून हवा खेळती राहते. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे दालनाची जी बाहेरील भिंत त्या दिशेला असेल तिच्यावर पावसाळ्यात कागदावरील कामे न लावलेली बरी. दमट हवेतून आणलेली चित्रे वातानुकूलित दालनात लगेच उघडू नयेत. काही तास ती गुंडाळलेलीच ठेवावीत. प्रकाशाचेही भान हवे. जलरंगांसाठी संग्रहालये साधारण ५० लक्सपर्यंतच (लक्स हे पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) प्रकाश ठेवतात, आणि आपल्याकडचे स्पॉटलाइट जवळून लावले तर त्याच्या कितीतरी पट पडतो.

कागदही पारखून घ्यावा. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेमुळे पुण्याला सुती चिंध्यांपासून केलेला कागद परिचित आहे. त्यात लाकडाच्या लगद्यातील लिग्निन नसल्याने तो स्वस्त कागदासारखा पिवळा पडत नाही. नीट जपलेला कागद किती टिकतो याचे उदाहरण पुण्याचेच आहे. पेशव्यांच्या दरबारातील इंग्रजांचा प्रतिनिधी (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने १७९० च्या दशकात शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली होती आणि जेम्स वेल्स या चित्रकाराशी ती जोडलेली होती. तेथे तयार झालेल्या गंगाराम तांबट यांची रेखाटने आज अमेरिकेतील येल सेंटर फॉर ब्रिटिश आर्टमध्ये आहेत. दोनशेहून अधिक वर्षांनंतर ती पाहता येतात, आणि ती कोणी काढली हेही आपल्याला माहीत आहे, कारण चित्रांबरोबर चित्रकाराचे नावही जपले गेले. हा नावाचा मुद्दा पुढील पत्रात पुन्हा येतो.

प्रश्न : प्रदर्शनात लागलेले माझे चित्र संस्थेने न विचारता दिनदर्शिकेवर छापले. बाजूने कापले आणि नावही दिले नाही. कागद व रंग संस्थेचे होते, म्हणून चित्रही त्यांचेच, असे मला सांगण्यात आले. हे बरोबर आहे का? — अंतिम वर्षाचा विद्यार्थी, पुणे

नाही. साहित्य कोणी दिले यावरून चित्राचा निर्माता ठरत नाही. प्रताधिकार (कॉपीराइट) अधिनियम, १९५७ नुसार कलाकृतीचा पहिला हक्कदार सामान्यतः ती करणारी व्यक्ती असते. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाला आणि मोबदला देऊन करवून घेतलेल्या चित्राला अपवाद आहेत, परंतु विद्यार्थी हा संस्थेचा नोकर नव्हे आणि वर्गातील अभ्यास म्हणजे मोबदल्यावरचे काम नव्हे. हा हक्क निर्मात्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षे टिकतो. वर्गात शिकवताना चित्राची प्रत वापरण्यास कायद्याने मुभा आहे, पण दिनदर्शिका छापणे त्या सवलतीत बसत नाही.

येथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. कॅनव्हास किंवा कागद ही वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकते, विकली जाऊ शकते किंवा भेट दिली जाऊ शकते, पण तेवढ्याने तिच्या प्रती छापण्याचा हक्क हस्तांतरित होत नाही. त्यासाठी लेखी करार लागतो. त्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरताच गेला असे मानतो. म्हणून प्रथम आपला प्रवेश-अर्ज आणि प्रदर्शनाचा अर्ज काढून शांतपणे वाचा. आपण सही केलेल्या एखाद्या ओळीत छपाईची परवानगी दिलेली असू शकते. तशी ओळ नसेल तर आपली बाजू भक्कम आहे.

नाव न देणे आणि चित्र कापणे याविषयी त्याच अधिनियमाचे कलम ५७ आहे. आपण निर्माते आहोत असे सांगण्याचा हक्क, तसेच आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला विरोध करण्याचा हक्क, कलाकृती विकल्यानंतरही निर्मात्याकडे राहतो. अमरनाथ सेहगल यांनी दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी घडवलेले कांस्य भित्तिशिल्प काढून टाकले गेले आणि त्याची हानी झाली, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याच हक्काच्या आधारे त्यांच्या बाजूने निकाल दिला. शिल्प सरकारच्या मालकीचे होते, तरीही हा निकाल लागला. याच कलमात असेही स्पष्ट केले आहे की कलाकृती प्रदर्शित न करणे किंवा निर्मात्याच्या मनासारखी प्रदर्शित न करणे हे हक्काचे उल्लंघन नव्हे. कोथरूडच्या पालकांनीही हे लक्षात घ्यावे.

आपण लगेच वकिलाकडे जावे असे मी म्हणणार नाही. विभागप्रमुखांना एक पत्र लिहा, मूळ चित्राचे आणि छापलेल्या पानाचे छायाचित्र जोडा, आणि उरलेल्या प्रतींत नाव घालावे व पुढे लेखी परवानगी घ्यावी, एवढीच मागणी करा. त्या पत्राची पोच घ्या. आमच्या दालनात मी काही वर्षांपूर्वी एक पानी पावती सुरू केली. तिच्यावर शीर्षक, माध्यम, उंची व रुंदी, साल, किंमत, छायाचित्रणास व छपाईस परवानगी आहे की नाही आणि चित्र परत करण्याची तारीख हे सर्व असते, आणि दोन्ही बाजूंच्या सह्या होतात. ती सुरू करण्यापूर्वी दरवर्षी काही कामे साठवणीच्या खोलीत बेवारस पडून राहत आणि ती कोणाची हे पुढे सांगता येत नसे. त्या विद्यार्थ्यांपैकी कोणी आता आपले चित्र मागायला आले तर ते मी ओळखू शकणार नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

प्रश्न : निवृत्तीनंतर मी बालगंधर्व रंगमंदिराच्या आणि घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालनात नियमित जातो. विद्यापीठातील प्रदर्शनात एक चित्र घ्यावेसे वाटले, पण विद्यार्थ्याकडून घेणे योग्य का, आणि भाव करावा का, हे कळेना. — एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

अवश्य घ्यावे, मात्र प्रथम ते विक्रीस आहे का हे विचारावे, कारण गुणांकन बाकी असलेले काम विद्यार्थी देऊ शकत नाही. भाव करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. बहुतेक विद्यार्थी काच, माउंट आणि चौकट यांचा खर्च जेमतेम निघेल अशीच किंमत लावतात, आणि ‘अजून शिकतोच आहे’ असे म्हणून ती खाली आणली की पुढच्या वेळी तो स्वतःच ती खाली लावतो. पैसे दिल्यावर चित्रावर लाल ठिपका लागेल आणि प्रदर्शन संपल्यावर चित्र मिळेल. ते लगेच काढून मागू नये, भिंतीवर मधेच रिकामी जागा दिसते. पावतीवर शीर्षक, साल आणि सही घ्यावी. मुद्राचित्र (ठशावरून कागदावर छापलेले चित्र) असेल तर खाली पेन्सिलने ४/२० असा अंक असतो. एकूण वीस ठशांपैकी हा चौथा, असा त्याचा अर्थ. हीच चित्रे पुढे कधी दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला विकली गेली, तर मूळ चित्रकाराला त्यात दहा टक्क्यांपर्यंत वाटा मागण्याची तरतूद कायद्यात आहे, हे आपल्या मुलांनाही सांगून ठेवावे.

प्रश्न : अभिप्राय-वहीत काय लिहावे? — वाचक, औंध

चित्राचे शीर्षक लिहावे आणि आपली नजर त्यात कोठे थांबली ते एका वाक्यात लिहावे. काही खटकले असेल तर तेही लिहावे, पण कोणत्या चित्रातले ते सांगून. वही मुले रोज संध्याकाळी दालन बंद करताना एकत्र बसून वाचतात, म्हणून शक्य असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशी यावे.